दुपारी तीनच्या आत

"संपा, किती वाजता लावशील पल्याड?" लाँचमध्ये पाय ठेवता ठेवता आबांनी विचारलं.

"अडीचला लावतो की, आबा."

"मग अर्धा तास शिलकीत. अर्ध्या तासात मानूस लगीन लावून मोकळा हुतो. हितं तर नुसता एक कागद द्यायचा हाय." आबा हसले आणि धोतर सावरत मधल्या फळीवर बसले. त्यांच्या मागून पुतण्या विलास चढला. त्याच्या मागून माझी बायको सुलन आणि तिच्या पदराला धरून आमची सात वर्षांची सानिका.

मी दोर सोडला, हँडल मारलं, इंजिन धडधडलं. धरणाच्या पाण्यावर अकरा वर्षं लाँच चालवली, पण पाण्याची भीती काही गेली नाही. वाडीतली माणसं चेष्टा करायची की, संपत पैलतीराला जाईपर्यंत छत्तीस वेळा देवाचं नाव घेतो. छत्तीस जरा जास्तच झाले, पण घ्यायचो हे खरं. त्या बुधवारी मात्र मी नुसता पाण्याला भीत नव्हतो. मी आबांना भीत होतो, भैरोबाला भीत होतो, आणि सगळ्यांत जास्त कुणाला भीत असेन तर समोर नाकाच्या शेंड्याकडे बघत गप्प बसलेल्या माझ्या बायकोला.

गोष्ट अशी होती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आमची पंचायत आमची वाडी सोनघळ आणि आजूबाजूच्या वाड्यांची मिळून सात जणांची. तीन जण आबांच्या शब्दातले, तीन बाजूच्या वाड्यांचे, त्यांच्या विरोधातले, आणि सातवी जागा आमच्या वाडीतली, बाईसाठी राखीव. त्या जागेवर आबांची सून बसणार हे ठरल्यात जमा होतं. आणि ती बसली की पहिला ठराव कसला होणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या वाडीच्या शाळेचा पट सतरा. वीसच्या आतल्या शाळा बंद करून पोरं पलीकडच्या मोठ्या शाळेत घालायची, असा कागद वरून आला होता. पंचायतीने हरकत नाही एवढंच लिहून द्यायचं होतं. शाळा दिली की रस्ता मिळतो, असं आबांच्या कानात कुणीतरी घातलं होतं.

पलीकडची शाळा म्हणजे पाण्यापलीकडची. लाँचने एक तास.

महिन्याभरापूर्वी भैरोबाच्या देवळात बैठक झाली. गावात भांडणं नकोत, निवडणूक बिनविरोध करायची, आबांच्या सुनेविरुद्ध कुणी अर्ज भरायचा नाही. आमच्याकडे अशा गोष्टी कागदावर होत नाहीत. घरटी एक माणूस पुढे येतो, बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलतो, आणि त्याच्या घराचा शब्द देवाला जातो. माझा नंबर आला तसा मीही उचलला. लाँच आबांची, पगार आबांचा, आणि देव सगळ्यांचा.

घरी येऊन सुलनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरगी पान्यातनं जानार व्हय शाळंला?"

"सरकारी बोट मिळणार हाय म्हंत्यात."

पुढच्या आठवड्यात माहेरी जाते म्हणून ती माझ्याच लाँचमधून पलीकडे गेली, माझ्याकडूनच तिकीट फाडून घेतलं, आणि धक्क्याजवळच्या तालुका कचेरीत जाऊन अर्ज भरून आली. मला कळलं ते आबांच्या तोंडून. माझी पाचावर धारण बसली. घरी येऊन मी तिच्यावर ओरडलो, "आगं, म्या भंडारा उचललाय! घराचा शब्द हाय त्यो!"

"तुम्ही उचललाय," ती म्हणाली. "म्या कुठं उचललाय? मला कुनी देवळात बोलावलं बी न्हाई."

 

तेव्हापासून वाडी आमच्याशी बोलेनाशी झाली. नळावर सुलनची घागर आली की बाकीच्या बायका बाजूला व्हायच्या. मी रात्रीतून तीनदा उठून सानिकाच्या कपाळाला हात लावायचो. भंडारा मोडला की देव आधी लेकराला धरतो, असं माझ्या आईने लहानपणापासून कानावर घातलं होतं.

आणि आज बुधवार. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत. उमेदवाराने स्वतः जाऊन द्यायचा. सकाळी विलास येऊन सांगून गेला, "वहिनीला घिऊन ये. आबा सोबत यायचेत." सुलन मुकाट्याने उठली, लुगडं बदललं. तिच्या मनात काय आहे ते मला कळेना. तिथे जाऊन साहेबासमोर नाही म्हणणार की काय? मग परतीच्या वाटेवर माझं काय होणार? पोरीला घरी ठेवावं म्हटलं तर ठेवणार कुणाकडे, आणि शाळा तर बंदच होती. आमचे एकुलते एक मास्तर निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले होते.

निघायला खरं तर सकाळी नऊलाच निघायचं. पण आबांनी पंचांग बघितलं. बुधवारी बारा ते दीड राहुकाळ, त्याच्या आधी गावात एक बारसं. म्हणाले, "चांगल्या कामाला राहुकाळात पाऊल नगं. दीडला निघू." त्या पंचांगाला मी पुढे कितीदा मनातल्या मनात हात जोडलेत.

लाँच मध्यावर आली. फेब्रुवारीत पाणी उतरायला लागतं आणि दुपारी वारा सुटतो तो पश्चिमेकडून. लाटा बारक्याच, पण एकामागून एक. लाँच डावीउजवीकडे हलायला लागली. सानिका उठून माझ्याकडे आली आणि इंजिनाच्या पेटीला टेकून बसली. तिने माझा गुडघा घट्ट धरला होता.

"आप्पा, शाळा बंद झाली की रोज ह्यातनंच जायचं?"

"बघू."

"मग मी न्हाई जायची शाळंला."

मी तिच्याकडे बघितलं. हेच वाक्य मी माझ्या बापाला म्हटलं होतं, आठवीत असताना. तेव्हा सातवीच्या पुढची शाळा पलीकडेच होती आणि आम्ही पाच पोरं होडीने जायचो. चौथ्या दिवशी होडी उलटली. कुणी मेलं नाही. मला केस धरून वर काढलं, पोटातलं पाणी काढलं, घरी आणून घोंगडीत गुंडाळलं. मी म्हटलं, मी नाही जायचा शाळेला. बाप म्हणाला, नको जाऊस. संपलं शिक्षण. पुढे पोटापाण्यासाठी त्याच पाण्यावर यावं लागलं ही गोष्ट वेगळी.

थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज बदलला. धडधड विरळ झाली, एकदा ठसका लागल्यासारखं झालं आणि बंद पडलं.

एकदम शांत. नुसता पाण्याचा चपचप आवाज.

"काय झालं रं?" आबा.

"बगतो," मी म्हटलं.

विलासने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "दोन वाजून पाच मिंटं. हुईल नव्हं?"

मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. इंजिन नुसतं खोकत होतं. आबा उठून जवळ आले, वाकून बघायला लागले. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं हे माझं नशीब.

"डिझेल हाय ना?"

"सकाळीच भरलंय."

"मग?"

"कचरा आला असंल, आबा. फिल्टर खोलावा लागंल."

आता इथे खरं सांगून टाकतो, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. कचरा बिचरा काही नव्हता. डिझेलच्या टाकीखाली पितळेचा एक कॉक असतो, आडवा केला की डिझेल बंद. सानिका जे बोलली ते बोलल्यावर मी पायाशी वाकलो, पुसायच्या चिंधीचा बोळा उचलायला वाकतात तसा, आणि तो कॉक आडवा केला. ठरवून केला असं म्हणता येणार नाही. हात खाली गेला आणि फिरवून वर आला. मग मी सरळ उभा राहिलो तर समोर सुलन माझ्या हाताकडे बघत होती. आमची नजरानजर झाली. तिच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

मी फिल्टर खोलला, पुसला, लावला. पुन्हा खोलला. विलास दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होता, जणू मी फाशीचा कैदी होतो. सव्वादोन. दोन वीस. त्याने मोबाईल काढून वर धरला, पण मधल्या पाण्यात कधीच रेंज नसायची. आबांनी तोंडातली सुपारी चघळायचं थांबवलं होतं.

"संपा," ते हळू आवाजात म्हणाले, "काय खोडी तर करत न्हाईस ना?"

"आबा, भैरोबाची आन."

म्हणालो. एक शपथ मोडत असताना दुसरी खोटी घेतली. आता देव काय ठेवतोय!

आणि देवाने फार वेळ लावलाही नाही. विलास पुढच्या टोकाला उभा होता तो ओरडला, "आबा, खुंट! खुंट दिसायल्यात!"

लाँच वाऱ्याने वाहत वाहत कुठे आली होती ते मी बघितलंच नव्हतं. तिथे आमचं जुनं गाव आहे, पाण्याखाली. घरं पडली, पण आंब्यांचे सोट अजून उभे आहेत. पाणी उतरलं की त्यांची टोकं हातभर पाण्याखाली असतात, काही वर येतात. काळी, टोकदार. लाकडी लाँचच्या तळाला त्यातलं एक लागलं तर फळी फुटायला वेळ नको. आणि तिथे पाणी तीस फूट.

मी पटकन वाकून कॉक उघडला. झाली चेष्टा तेवढी पुरे, म्हणत हँडल मारलं. इंजिन फिरलं, पण पेटेना. पुन्हा मारलं. नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. कॉक बंद ठेवून मी दहादा हँडल मारलं होतं. इंजिनाने असेल नसेल ते डिझेल ओढून घेतलं होतं आणि सगळ्या नळीत हवा भरली होती. आता ते खरंच बंद होतं. खोटं सांगितलेलं माझ्याच गळ्यात आलं होतं.

"आप्पा!" सानिका रडायला लागली. लाँचच्या बाजूने एक खुंट सरकत गेला, इतक्या जवळून की त्यावरचं शेवाळ दिसलं.

"विलास, बांबू घे! बांबूनं ढकल!" मी ओरडलो. विलास बांबू घेऊन पुढे पालथा पडला. लाँच थोडी वळली, पुन्हा वाऱ्याने आत ओढली.

आमच्या लाँचवर जीव वाचवायचं साधन म्हणजे ट्रकच्या चाकाची एक ट्यूब, तीही पंक्चर काढलेली. मला वाटलं, आबा ती स्वतः घेतील. त्यांनाही पोहता येत नव्हतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. आबांनी ट्यूब काढली, रांगत रांगत आले आणि सानिकाच्या डोक्यावरून घालून तिच्या काखेत अडकवली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "रडू नगं, बाळ," ते म्हणाले. "घट धर. सोडायचं न्हाई."

तेव्हा सुलन बोलली. दुपारपासून पहिल्यांदा.

"आबा, आज एक दिस हाय. तुमचा ठराव झाला तर पोर रोज हितनं जानार."

"सरकारी बोट मिळनार हाय, सुलन. मोठी."

"ही बी बोटच हाय, आबा."

आबा तिच्याकडे बघत राहिले. ट्यूबवरचा त्यांचा हात तसाच होता. मग त्यांनी मान खाली घातली. मी एकीकडे पान्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला करत होतो. हवा काढायची म्हणजे स्क्रूमधून फेस येतो, तो संपून नितळ डिझेल येईपर्यंत थांबावं लागतं. घाई केली की सगळं पहिल्यापासून. पाना दोनदा निसटला. फेस येत होता, येत होता. खाली तळाला काहीतरी खरखरलं. लांबलचक खरखर, माझ्या दातांत उतरली. सुलनने सानिकाला मिठी मारली. मी देवाचं नाव घेतलं नाही. कुठल्या तोंडाने घेणार होतो!

फेस थांबला. स्क्रू आवळला. हँडल मारलं आणि इंजिन धडधडलं.

मी रिव्हर्स टाकला, लाँच खुंटांतून हळूहळू मागे काढली, मोकळ्या पाण्यावर आणली. तळाची फळी ओली झाली होती पण फुटली नव्हती. पैलतीर दिसायला लागल्यावर विलासने घड्याळाकडे बघितलं. "तीन वाजून पाच," तो म्हणाला आणि खाली बसला.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा तीन पंचवीस झाले होते. आबा तरीही कचेरीत गेले. आम्हीही मागून गेलो. साहेब चिन्हांचं वाटप करत बसले होते. आबांनी पाण्याची, इंजिनाची सगळी हकिकत सांगितली, हात जोडले. साहेब म्हणाले, "काका, तीनला दार बंद झालं. माझ्या हातात काही नाही." आणि सुलनकडे बघून, "बाई, तुमचं चिन्ह शिट्टी."

परतीच्या वाटेवर अंधारायच्या आत मी लाँच आणून लावली. आबा उतरताना थांबले. मला वाटलं, आता मारतात. ते म्हणाले, "हँडल दे." मी हँडल काढून दिलं. त्यानंतर मी ती लाँच कधी चालवली नाही.

निवडणूक झाली. सोनघळीत पहिल्यांदा त्या जागेसाठी मतं पडली. नळावर बाजूला होणाऱ्या बायकांनी त्या पडद्याआड जाऊन काय केलं कुणास ठाऊक, पण सुलन चार मतांनी आली. सहा महिन्यांनी ठराव आला. तीन हात वर झाले, चार खाली राहिले. हरकत आहे असं लिहून कागद वर गेला. शाळा राहिली.

मी रोजगार हमीवर खडी फोडली, मासे धरले, दोन वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबलो. सानिकाला ताप आला की मी कोपऱ्यात बसून भैरोबाला म्हणायचो, उचललेला हात माझा होता, घ्यायचं तर माझं घे. देवाने आजवर काही घेतलेलं नाही. भीती मात्र अजून आहे, उगाच खोटं कशाला सांगू.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. सानिका त्याच शाळेत शिकली, मोठी होऊन पोहायला शिकली, आठवीपासून लाँचने पलीकडे गेली आणि बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत तालुक्यात चौथी आली. आता शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश घ्यायचा म्हणून तिला आमच्या शाळेतला जुना दाखला हवा होता. गेल्या महिन्यात मी पत्र्याची पेटी उघडली. तळाला प्लास्टिकच्या पिशवीत दाखला मिळाला. त्याच्या घडीत दुसरा एक कागद होता.

घामाने भिजून सुकलेला, शाई पसरलेली. वर छापलेलं होतं, उमेदवारी मागे घेत असल्याची सूचना. खाली सुलनची सही होती. तिची सही मी कुठेही ओळखेन, 'सु' मोठा आणि बाकीची अक्षरं चिकटून.

ती दाराशी तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्यासमोर धरला.

"ही कवा केलीस?"

तिने बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली. "आदल्या दिशी. तुम्ही लाँचवर हुता. विलास आला हुता कागद घिऊन. म्हनला, सही कर न्हाईतर उद्यापास्नं संपतला लाँच न्हाई."

"आन तू केलीस?"

"काय करू? तुमाला दुसरं काय येत हुतं?" एक खडा काढून तिने बाजूला टाकला. "त्यानं सांगितलं, उद्या सायबाच्या हातात आपल्या हातानं द्यायचा. चोळीत घालून बसले हुते."

म्हणून आबा हसत होते. म्हणून ती बोलत नव्हती. मी चौदा वर्षं समजत होतो की बायको वाघीण आणि मी तिच्या आडोशाला उभा राहिलेला भित्रा. बोटीत आम्ही दोघंही जीव मुठीत धरून बसलो होतो, ती माझ्या लाँचसाठी आणि मी तिच्या अर्जासाठी.

"म्या कॉक फिरवला नसता तर?"

"तर दिला असता," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून, "तुमचा हात खाली गेला तवा बगितलं म्या. तुमच्यापरीस जास्त भ्याले. वाटलं, आता ह्यांची लाँच गेली."

"मग बोलली का न्हाईस?"

तिने पदराने डोळे पुसले. तांदळाचा कोंडा गेला असेल असं मी म्हणणार नाही, ती रडत होती. "पोरगी बोललेली म्या बी ऐकलं हुतं की."

तेवढ्यात सानिका आतून आली. दाखला घेतला, उजेडात धरून शाळेचं नाव वाचलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"आप्पा, ते काय आहे?"

"तुझ्या शाळेचाच कागद हाय," मी म्हटलं, आणि घडी घालून तो परत पेटीत ठेवला.